सरिताचं मोहाचं झाड

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. देवापुढे बसले तरी अर्धं गिळूनच हात जोडते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही सरिताला ओळखत नाही — आणि मलाही नाही, ते एक बरंच आहे.

तशी मी तोंडाळ. जाम गावच्या चौकाजवळ हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर बसते, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पण ही गोष्ट घशाशी आली, की पाणी पिते आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागते. किती वर्षं असं पाणी पीत राहायचं माणसानं?

मी रोहण्याची, सरिता कारंज्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या पाड्यावरची. कॉलेज संपल्यावर आम्ही दोघींनी पिपरी मेघेत एक खोली घेतली आणि इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला. हॉटेलात रिसेप्शनिस्टची एक जागा निघणार होती — एकच — आणि दोघींनाही ती हवी होती. तरी आम्ही एका ताटात जेवत होतो, हे खरं सांगते.

क्लासच्या सरांनी पैशावरचे इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायला दिले. गिऱ्हाईक असंच बोलतं म्हणे. वस्तू महाग असली की इंग्रज म्हणतो, एक हात आणि एक पाय द्यावा लागला! सरिता हसून लोळायची. "काऊन वं वैशे, यायच्या हातापायाले काई भावच नाई का?" चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मणारी पोरं, पट्टा आवळणारे बाप — भाजी चिरता चिरता आम्ही सगळं घोकलं. त्यातच एक होता, पैसा झाडाला लागत नाही.

तिथे ती थांबली. "आमच्याकडं तं लागते," म्हणाली.

खोटं नव्हतं ते. मी स्वतः पाहिलं होतं. होळीनंतर मी तिच्या घरी राहायला गेले होते. त्यांच्यात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. एकाच्या झाडाखालचं फूल दुसरा उचलत नाही. झाडाखालचा पाला झाडून जागा लख्ख करायची, म्हणजे पहाटे पडलेली फुलं स्वच्छ वेचता येतात. सरिताची आई घरात गोंडी बोलायची, माझ्याशी मात्र मराठी. मला वेचताना बघून म्हणाली, "तू बी वेचून राह्यली नं पोरी, मंग हे झाड तुयंबी झालं." ती फुलं वाळवून विकली, की सरिताची क्लासची फी यायची. आमच्या खोलीचं भाडंही त्यातूनच.

पाहा, अजून मी झाडाभोवतीच फिरते आहे. मुद्द्यावर यायला जिवावर येतंय.

मुलाखतीला नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. सगळ्या मुलींना एकाच खोलीत बसवलं. प्रत्येकीनं एक वाक्प्रचार निवडायचा आणि उभं राहून त्यावर इंग्रजीत बोलायचं. मी चांदीचा चमचा घेतला. पाठ केलेलं धडाधड म्हटलं, एक चूक नाही. मॅडमनी मान वर केली नाही.

मग सरिता उठली. अडखळत, पण न घाबरता बोलायला लागली — लोक म्हणतात पैसा झाडाला लागत नाही, माझ्या गावात लागतो. माझी आई तो पहाटे वेचते. म्हणून मी आज इथे उभी आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुढे झुकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पाहिलं — आणि मला कळलं की जागा गेली.

मी हसले. मोठ्यानं. फुटलं-बिटलं नाही हो हसू, मी ते काढलं. खोलीत तोवर कुणी हसलं नव्हतं. माझं ऐकून शेजारची हसली, मग तिच्यामागची, मग सगळ्याच. सरिताचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिनं पुढचं आठवायचा प्रयत्न केला. "सॉरी" म्हणून खाली बसली. मॅडम म्हणाल्या, बोल ना, पुढे बोल. ती परत उठलीच नाही.

बसची वाट बघताना तिनं विचारलं, "पयले कोन हासलं वं? मी मॅडमकडे पाहून राह्यली होती, मले दिसलंच नाई."

"मागची कोणीतरी," मी म्हटलं. "लक्ष नको देऊ." माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, आणि माझ्याच ओढणीनं मी तिचे डोळे पुसले. कोणत्या तोंडानं पुसले असतील?

जागा मला मिळाली. तिनं क्लास सोडला, गावी गेली. वर्षभरात लग्न झालं.

गेल्या महिन्यात ती हॉटेलात आली. मुलाखतीनंतर पहिल्यांदाच. सोबत तिची मुलगी, चौथीत, आईसारखेच मोठे डोळे. सरिता म्हणाली, शाळेतल्या बाई तक्रार करतात, पोरीला सगळं येतं पण वर्गात हात वर करत नाही. "मीच सांगतलं तिले," ती म्हणाली, अगदी सहज. "येत असलं तरी चूप राह्यजो. लोक हासतात. आपल्याले थे जमत नाई. तुही मावशी हुशार, तिची गोष्ट येगळी."

मुलगी माझ्याकडे बघत होती. सरिताही. आसपास कुणी नव्हतं, फोनही वाजत नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं.

मी काउंटरवरून वाकले आणि पोरीला विचारलं, "काय खाशील?"

तिनं तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, आणि परत मिटलं.