चाळीस पावलं

तिकडे उत्तरेत, मनीमाजऱ्याच्या दवाखान्यात मी पत्रकं वाटायचो, तेव्हा तिथल्या साताऱ्याच्या डॉक्टरबाई कोरोनाच्या प्रत्येक पेशंटला बोटाला ऑक्सिमीटर लावून चाळीस पावलं चालवायच्या. सरकारी फॉर्मवर मात्र खुर्चीत बसवून घेतलेला आकडाच भरायचा. माणूस काय खुर्चीत बसून जगतो?

एकदा एक रिक्षावाले सरदारजी हसत म्हणाले, "मैं तो पक्का ठीक हूँ जी." ऑक्सिजन बसून पंचाण्णव, चालून आल्यावर शहाऐंशी. हॉस्पिटलनं फोनवर सांगितलं, फॉर्मप्रमाणे सौम्य आहे, घरीच ठेवा.

बाईंनी फोन आपटला. "पत्रकं ठेव अन् गाडीचं दार उघड!" मला म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या दारात त्यांनी ड्युटीवरच्या डॉक्टरला बजावलं, "इन्हें चालीस कदम चलाकर दिखाओ, फिर वापस ले जाऊँगी."

कोणी चालवलं नाही. बेड मिळाला.