चूक तुमची नाही

आमची प्रतीक्षा लई चिवट. जळकोटच्या मेंढरं राखणाऱ्या बिराप्पांची ही लेक रोज एसटीनं धाराशिवला येते आणि आमच्या कॉम्प्युटर क्लासात बायकांची बॅच शिकवते. मी हर्षाली, तिथंच बाहेरच्या टेबलावर बसते. मला बोलायची खोड, तिला ऐकून घ्यायची. म्हणून आमचं जमतं.

या सगळ्या बायका मराठी टायपिंग पास झालेल्या. आता त्यांना वेबसाइटचं काम शिकायचं होतं. प्रतीक्षानं त्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, एक एक्स्टेंशन, वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकून दिलं. माऊसला हात न लावता सगळं काम कीबोर्डवरून करायचं, आणि ते शिकवणारा मराठी धडाही त्यातच. ‘J (जे) दाबा, कर्सर खाली जाईल,’ ही पहिली पायरी. जमलं की दुसरी उघडते.

कसली उघडते! उमाबाईंनी जे दाबला, परत दाबला, शेवटी ठोकला. कर्सर ढिम्म हलेना. "माझ्या डोक्यात भुसा भरलाय," म्हणत त्या उठल्या. पुढच्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. क्लासचे मालक हिंमतराव बॅच बंद करायला टपूनच होते. "शनिवारी येऊन बघतो. तवाबी पयल्याच पायरीवर असल्या तर बॅच बंद!" मला असा संताप आला म्हणून सांगू!

मेंढरू अडलं की आधी त्याचे पाय बघायचे, हे प्रतीक्षाला बापानं शिकवलेलं. तिनं स्क्रीन सोडली आणि बायकांचे हात बघत बसली. खुर्चीत टेकल्या टेकल्या प्रत्येकीची बोटं आपसूक दोन बटणं दाबत होती, की झाला कीबोर्ड मराठी. टायपिंगची सवय ती! मग जे दाबला तरी मशीनला जायचा ‘र’. त्याला ‘र’ काय कळतोय, कपाळ?

"मग सांगून टाक की त्यांना," मी म्हणाले.

"इथं सांगीन गं. घरी एकट्या बसल्यावर कोण सांगणार? धड्यानंच सांगितलं पाहिजे."

तिनं एक्स्टेंशनवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, आजवर कुणाचीच तक्रार नाही. "अडलेली माणसं तक्रार करत नाहीत, स्वतःला मठ्ठ म्हणून उठून जातात," असं तिनं ठणकावून कळवलं. नुसतं कळवलं न्हाय, सुधारलेली पायरी स्वतः तयार करून पाठवली. शुक्रवारी त्यांनी ती जशीच्या तशी घेतली. मी टेबलावरूनच ओरडले.

शनिवारी हिंमतराव आले. "सरका उमाबाई, म्या दाखवतो." ते जुने टायपिंग मास्तर. बसले, बोटांनी ती दोन बटणं दाबलीच, मग जे. स्क्रीनवर ओळी उमटल्या आणि उमाबाईंनी त्या खणखणीत वाचल्या:

"‘तुमचा कीबोर्ड मराठीवर आहे. इंग्रजीवर घ्या आणि पुन्हा दाबा. चूक तुमची नाही.’"

आख्खी बॅच हसली. हिंमतरावही हसले, खुर्ची सोडली. उमाबाई बसल्या, कीबोर्ड इंग्रजी केला, जे दाबला. "गेलं गं बाय खाली!" दुसरी पायरी उघडली, तिसरी, चौथी. "चालू द्या बॅच," हिंमतराव दारातून म्हणाले.

बाकी सगळ्या गेल्यावर बघते तर उमाबाई परत पहिल्या पायरीवर, कीबोर्ड मुद्दाम मराठी केलेला.

"आता काय अडलं?" मी विचारलं.

"काय न्हाय गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ती शेवटची ओळ परत वाचायची होती."