नेकनूरचे डास आणि आमचे आबा

सगळी चूक आबांची. आबा म्हणजे माझे चुलते, नेकनूरचे पाटील. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय, तेव्हा इथं लपवायचं कारण नाही. हाडमोड्या तापानं गाव आडवं केलं. ताप ओसरला, पण म्हाताऱ्यांच्या शहाणपणाचे किस्से इतके साचलेत की बोलून संपत नाहीत!

मी शाळा सोडलेला. तेव्हा शाळेत सगळं उर्दूत, त्यातलं गणित डोक्यात शिरेना. पण सरकारनं बीडहून सफाईचे दरोगासाहेब धाडले आणि त्यांनी मला हाताखाली हंगामी उमेदवार म्हणून घेतलं. काम एकच, साठवणीच्या पाण्यात डासांच्या अळ्या होऊ द्यायच्या नाहीत. मोठे डॉक्टरसाहेब तपासायला येणार होते. गाव साफ निघालं तर नोकरी पक्की. नाही तर जन्मभर आबांच्या म्हशींमागं!

* * *

दरोगासाहेबांनी चावडीवर सांगितलं, "हा डास दिवसा चावतो."

आबा हसले. "दिवसा चावायला त्यो काय नोकरदार हाय व्हय?"

मग रात्री मच्छरदाणी, भोवती कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, आणि भर दुपारी ओसरीवर उघड्या अंगानं घोरणं. लवकरच आबा तापले. सांधे असे धरले की चालताना लाकडी बाहुली वाटायचे.

"कावून वो आबा, डास चावला का?"

"गप बे! नजर लागली."

* * *

डबक्यांवर ओतायला आम्ही घरोघर घासलेट वाटलं. संध्याकाळी बघतो तर एरवी अंधारात जेवणाऱ्या घरांतसुद्धा दोन-दोन चिमण्या पेटलेल्या!

दरोगासाहेब ओरडले, "तेल डबक्यात टाकायला दिलं होतं!"

शेजारची गंगूआत्या म्हणाली, "अंधारात डबकं दिसंना हुजूर, म्हणून आधी दिवा लावला!"

* * *

अळ्या खाणारे मासे आणून घरोघरच्या रांजणांत सोडले. माळकरी नाना आधी खवळले, मग त्यांना मासे आवडायला लागले. तपासायला गेलो तर रांजणात मासे गलेलठ्ठ, आणि अळ्याही मजेत वळवळतायत.

"नाना, मासे अळ्या कावून खात न्हाईत?"

"कणकेच्या गोळ्या घालतो की मी! आमच्या घरात ऱ्हाऊन मांसाहार? जमायचं न्हाई!"

* * *

शेवटी हुकूम निघाला. आठवड्यातून एकदा रांजण रिकामे करून घासायचे. पण लांबून डोक्यावर आणलेलं पाणी आमच्याकडं कोण ओतून देतं? आबांनी तोड काढली. वरच्या आळीत तपासणी असली की पाणी खालच्या आळीत ठेवायला द्यायचं. खालच्या आळीची पाळी आली की उलटं.

मी भांडलो. "आबा, पाण्यासंगं अळ्या पण फिरत्यात!"

"फिरू दे. चार घरं बघतील!"

* * *

डॉक्टरसाहेब आले, सरकारी बंगल्यात उतरले. दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या एकदमच तपासल्या. एकूण एक रांजण कोरडा! मलाच खरं वाटेना. साहेबांनी पाठ थोपटली, "शाबास! जाण्याआधी तुझ्या नोकरीच्या हुकमावर सही करतो."

साहेबांचा मुक्काम लांबला. दुपारी झोपायची त्यांना सवय. जायच्या दिवशीच ते तापले. आबा आणि मी भेटायला गेलो, तर साहेब काठी टेकत न्हाणीच्या दारात उभे. आत भिंतीला लागून रांजण, हंडे, घागरी; इतके दिवस साहेबांना ते आपल्याच अंघोळीचं पाणी वाटलेलं. सगळीकडं वळवळ.

"हे पाणी कुणाचं?"

आबा हात जोडून पुढं झाले. "अख्ख्या गावाचं, हुजूर! तुमच्या न्हाणीत कोण तपासायला येणार, म्हणून तुमी यायच्या आदीच हितं आणून ठेवलं. थेंब सांडू दिला न्हाई!"

माझी नोकरी गेली.