सुमनबद्दल एक इंग्रजी वाक्य

ग्वाल्हेर आलं तेव्हा किल्ला धुक्यात होता. एरवी तो दिसला की मी सुमनला फोन करायची. या वेळी फोन पिशवीतच राहिला. तिच्याच, माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्षश्राद्धाला मी आले होते.

स्टेशनवर तिची मुलगी ऋचा आली होती. "मावशी, थकली असशील. आधी गरम चाय, बाकी सब बाद में."

दौलतगंजात घराच्या अलीकडे बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) तळत होते. आम्ही ती उभ्यानेच रश्शात बुडवून खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, ते बरंच झालं.

श्राद्ध आटोपल्यावर ऋचाने अडचण सांगितली. नोकरीची मुलाखत, तीही इंग्रजीतून. स्वतःला घडवणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं. तिने वाक्य केलं होतं, "माय मदर नेव्हर रिटर्न्ड अ बाऊल एम्प्टी." शेजाऱ्यांचं भांडं सुमन कधीच रिकामं परत करत नसे. काही नसलं तर गुळाचा खडा तरी घाली.

"क्लासचे सर म्हणतात, अंग्रेज असं बोलत नाहीत. तू लायब्ररीत होतीस, तू सांग."

माझं इंग्रजी सगळं पुस्तकातलं. बराच विचार करून म्हणाले, "शी वॉज जेनरस टू अ फॉल्ट. म्हणजे अती उदार होती. हे त्यांच्यासारखं वाटेल."

तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. "छान आहे. पण मावशी, ही कोणाची आई?"



फळीवर शेजारच्या शुक्लाकाकूंचं कटोरदान (झाकणाचा डबा) होतं. सुमन गेली तेव्हा त्यांनी कढी पाठवली होती. ते परत करायचा कुणाला धीर झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यात रव्याचे लाडू भरले आणि नेऊन दिलं. काकूंनी न उघडताच ते हातात तोललं. "सुमन के घर से खाली कैसे आता!"

दुपारी ऋचाबरोबर मुरारला तिच्या क्लासला गेले. सर भले गृहस्थ. "बेटा, नैचुरल नहीं लगता. नंबर कटेंगे."

"कटने दीजिए, सर. अंग्रेज मेरी माँ से मिले कहाँ थे?"

वर्ग हसला. ऋचा मात्र वहीतलं ते वाक्य पुन्हा वाचत होती. नोकरी तिला हवीच होती. मी चारचौघांत सहसा बोलत नाही, तरी मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाले, "राहू दे ते वाक्य!"

परतताना स्टेशनवर तिने खिडकीतून तेच कटोरदान आत सरकवलं. पुऱ्या होत्या, काकूंनी केलेल्या.

"उद्या मुलाखत आहे. डबा परत आणशील ना?"

गाडी हलली. बरोबर इंग्रजी मला आवडतं. आयुष्य त्याच्या सोबतीत गेलं. पण त्याच्यासाठी सुमनला कोणाचीही आई होऊ देणार नाही. मुलाखतीचं काय व्हायचं ते होवो. इंग्रजीनेच थोडं सरकून तिला जागा करून द्यावी.

झाशी गेल्यावर डबा रिकामा झाला. मी तो नळावर धुतला, पदराने पुसला आणि यात काय भरून न्यायचं, ते ठरवत बसले.