हिरवळीचा चौकोन

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, इबाराकीच्या किनाऱ्यावरच्या सरकारी उद्यानात माझ्या आईने तंबूसमोरच्या हिरवळीवर चूल पेटवली. तिथे जमिनीवर आग लावायला बंदी आहे. निखारे पाय असलेल्या लोखंडी स्टँडवरच ठेवायचे, असा फलक प्रवेशद्वारापाशी जपानीत लावलेला आहे. मी तो वाचला होता. आईला सांगायचं राहिलं होतं.

आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. बायको त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत आहे. तिथून गाडीने आम्ही चौघं दीड तासात समुद्रावर पोचलो. मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पाण्यात गेलो, बायको नळावर तांदूळ धूत होती. आम्ही परतलो तेव्हा तीन दगडांवर वांगी भाजली जात होती आणि टोपी घातलेले व्यवस्थापक आमच्या तंबूकडे येत होते.

त्यांनी आग विझवायला सांगितली. सकाळी निघताना जमीन तपासू, गवत जळालेलं असेल तर पुढचं बुकिंग रद्द होईल, असंही सांगितलं. ऑक्टोबरसाठी त्सुकुबातल्या सहा मराठी कुटुंबांसाठी तंबूचे सहा प्लॉट माझ्याच नावावर होते.

“आई, इथे चूल चालत नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं? पेपरात होतास तेव्हा साऱ्या जगाची बातमी वेळेवर द्यायचास.”

“तुम्ही बसा आई, मी स्टँडवर भाजते,” बायको म्हणाली.

“भाज. पण साल काळी पडल्याशिवाय उतरवू नकोस. आधीच इथली वांगी बोटाएवढी.”

भरीत झालं. मी फारसं जेवलो नाही. सहा घरांना काय सांगायचं, ते ठरवत होतो.

सकाळी सहाला आई तंबूमागून ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आत मुळांसकट कापलेली हिरवळीची चौकोनी लादी होती. शेजारी पिशवीत खणून काढलेली माती.

“हे कधी काढलंस?”

“चुलीच्या आधी. गवतावर कुणी चूल मांडतं का?”

साताऱ्याच्या सरकारी रोपवाटिकेत तिने एकतीस वर्षं काम केलं आहे. खुरपं ती सामानातून घेऊन आली होती. तिने राख डब्यात भरली, तापलेल्या मातीचा थर खरवडला, पिशवीतली माती पसरली, लादी बसवली, कडा पायाने दाबल्या आणि दोन बादल्या पाणी घातलं. दगड मुलीने किनाऱ्यावर नेऊन ठेवले.

साडेनऊला व्यवस्थापक फॉर्म घेऊन आले. प्लॉटभोवती दोनदा फिरले. चूल कुठे होती, असं त्यांनी मला विचारलं.

“आजी, त्यांना सापडत नाहीये. सांगायचं?” मुलीने विचारलं. एरवी ती घरातही जपानीतच उत्तर देते. हे मात्र मराठीत होतं.

“सांगायचं म्हणजे? दाखव की! आपण काय चोरी केलीय?”

मुलगी दाखवेपर्यंत आई स्वतःच तिथे जाऊन उभी राहिली होती. व्यवस्थापक गुडघ्यांवर बसले. सांध्यावरून बोट फिरवलं, गवत धरून हलकेच ओढलं. लादी हलली नाही. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं.

“माझ्या आजीने,” मुलगी जपानीत म्हणाली.

त्यांनी खुरपं बघायला मागितलं. हातात धरून त्याची धार पाहिली आणि दोन्ही हातांनी आईला परत दिलं. मग फॉर्मवर ‘नुकसान नाही’ या ओळीसमोर गोल केला. शेऱ्यात, नियम समजावून सांगितल्याची नोंद केली.

ही हकिकत मी त्यानंतर निदान दहा जणांना सांगितली आहे. सांगताना फलकाचा भाग मी गाळत नाही.

ऑक्टोबरमध्ये सहाही कुटुंबं गेली. आम्हाला तोच प्लॉट मिळाला. चुलीची जागा मला सापडली नाही.