सैल झालेली जोडवी

तिचं नाव मला आजही माहीत नाही. वॉर्डात सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. निफाडहून आईला शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा थकलेल्या हृदयामुळे तिच्या पायांत पाणी साचलं होतं आणि जोडवी बोटांत रुतली होती. ती काढायचं नाव काढताच आई माझ्यावर खेकसली, "मालक धडधाकट हायेत माझे!"

सिस्टरने वाद घातला नाही. "काढत नाही मावशी, सांभाळायला माझ्याकडे द्या," म्हणत तिने साबणाने बोटं चोळत चोळत जोडवी अलगद सोडवली. मग पायावर अंगठा दाबला, उमटलेला खड्डा बघितला आणि विचारलं, "लघवीची गोळी रोज घेता ना?"

"गावाला जायचं असलं की नाय घेत. एसटीत लय पंचाईत होती."

मी कपाळाला हात लावला. सगळी लग्नसराई आई एसटीतच होती! सिस्टर मात्र खळखळून हसली. डॉक्टरांना विचारून तिने प्रवासाच्या दिवसासाठी गोळीची वेळ बदलून आणली.

सूज उतरल्यावर तिनेच जोडवी परत घातली. "घरात वजनकाटा नाही ना? मग हाच तुमचा काटा. घट्ट वाटली की अंगात पाणी साचतंय समजायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा."

परवा तपासणीला गेलो, तर आईने वॉर्डात शिरताच पाय पुढे केला. "सिस्टर, आता सैल होतात की ओ!"

सिस्टरने वाकून जोडवं बोटावर गरगर फिरवलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग सोनाराकडे जा मावशी, माझ्याकडे कशाला आलात?"