थांब्याकडे पाठ

मे महिन्यात आमच्या वसईतल्या आळीत रोज संध्याकाळी नाक्यावरच्या क्रुसापुढे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. जो तो घरून आपली खुर्ची आणतो. बसचा थांबा अगदी मागेच आहे, त्यामुळे आमची पाठ साहजिकच त्याच्याकडे असते.

काल देशासाठी, पुढाऱ्यांसाठी विनंत्या चालल्या होत्या. माझ्या शेजारची कातरीन मावशी मध्येच उठली. थांब्यावर एक अनोळखी बाई तान्हं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. मावशीने आपली खुर्ची तिच्यापुढे नेऊन ठेवली. "बस गो बाय, गाडीला येळ हाय," एवढंच म्हणून ती परत आली आणि उरलेली रोझरी तिने उभ्यानेच म्हटली.

माझं मात्र लक्ष उडालं. निवडणूक आली की कोणाला मत द्यायचं यावर आम्ही तावातावाने बोलतो आणि समाजासाठी करायचं ते केलं, असं समजतो. मधली पाच वर्षं तो समाज आमच्या पाठीमागे उभा असतो, खांद्यावर मूल घेऊन.

आज मी लवकरच आले. खुर्ची क्रुसाकडे तोंड करून मांडली, उचलली, पुन्हा मांडली. थांब्यावर अजून कोणीच नाही. तरी मला बसवत नाही.